पिवळा रंग आणि यकृताचा कर्करोग



सातारा-सांगलीकडच्या घरांतून पिवळा रंग हा मंगल मानलेला आहे. लग्नाची सुरुवात हळदीनें होते, देव्हाऱ्यांतलें कुंकूं मूळचें हळदीचें, आणि कृष्णाकांठच्या कोणत्याहि स्वयंपाकघरांत मिसळणाच्या डब्यांत हळदीची वाटी नाहीं असें व्हावयाचें नाहीं. सांगलीच्या भडंगाला जो पिवळेपणा येतो तोहि तिचाच. त्यामुळें पदार्थ पिवळाधमक दिसला कीं तो चांगला, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. या समजुतीचा फायदा घेणारा दुसरा एक पिवळा रंग बाजारांत आहे. त्याचें नांव मेटॅनिल यलो. तो कातडें, कागद, लोंकर रंगविण्यासाठीं कारखान्यांत तयार होतो. खाण्याच्या पदार्थांत तो घालण्यास आपल्या देशांत कायद्याची परवानगी नाहीं. तरीहि जिलबी, बुंदीचे लाडू, डाळी आणि हळदीची पूड यांत तो सांपडल्याच्या नोंदी देशाच्या निरनिराळ्या भागांतील प्रयोगशाळांनीं वेळोवेळीं केल्या आहेत. हा रंग वर्षानुवर्षें पोटांत जात राहिला तर यकृताचें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर मनुष्यावर प्रयोग करून मिळण्यासारखें नाहीं. तें पांढऱ्या उंदरांच्या यकृतांत शोधावें लागलें. तो शोध कसा लागला आणि त्याचा अर्थ कोठवर ताणावा, हें आज सांगावयाचें आहे.

यकृत हें उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलें, मोठ्या माणसांत सुमारें दीड किलो वजनाचें इंद्रिय. आंतड्यांनीं जें जें शोषून घेतलें तें रक्ताबरोबर प्रथम येथें येतें. जुन्या काळीं गांवाच्या वेशीवर जकातनाका असे, तसें हें शरीराचें नाकें आहे. परका पदार्थ आला कीं यकृत त्याची मोडतोड करितें, त्याला पाण्यांत विरघळेल असें रूप देतें आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढून लावितें. बहुतेक वेळां ही व्यवस्था हिताचीच होते. परंतु कांहीं पदार्थ असे आहेत कीं ते येतांना गरीब असतात आणि यकृताच्या हातून गेल्यावरच घातक बनतात. यकृताचा दुसरा गुण म्हणजे त्याची पुन्हा वाढण्याची शक्ति. उंदराचें दोन तृतीयांश यकृत कापून काढलें तरी एक-दोन आठवड्यांत उरलेला भाग वाढून मूळच्या वजनावर येतो. हा गुण ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तोच उलटतो.

रासायनिक द्रव्यानें कर्करोग मुद्दाम निर्माण करतां येतो हें प्रथम १९१५ सालीं टोकियोमध्यें यामागिवा आणि इचिकावा यांनीं दाखविलें. त्यांनीं सशांच्या कानांना कित्येक महिने दगडी कोळशाचें डांबर फांसलें आणि तेथें कर्करोगाच्या गांठी उठल्या. त्यानंतर वीस वर्षांच्या आंत जपानांतच सासाकी आणि योशिदा यांनीं एक तांबडें रंगद्रव्य उंदरांना खाऊं घालून त्यांच्या यकृतांत कर्करोग उत्पन्न केला. गंमत अशी कीं ज्या 'स्कार्लेट रेड' रंगाशीं या द्रव्याचें नातें, त्याचें मलम डॉक्टर लोक जखमेवर नवी कातडी लवकर यावी म्हणून वापरीत असत. पेशींची वाढ करविण्याचा गुण औषध म्हणून एका हातानें वापरला जात होता, तोच दुसऱ्या हाताला रोगरूपानें लागला.

१९३६ सालीं किनोशिता यांनीं जो रंग तपासला तो आपल्या विषयाच्या अगदीं जवळचा आहे. त्याला इंग्रजींत 'बटर यलो' म्हणत, म्हणजे लोण्याचा पिवळा रंग. पांढुरकें लोणी आणि मार्गारीन गिऱ्हाइकाला पिवळें दिसावें म्हणून तो घालीत. भातावर पोसलेल्या उंदरांच्या अन्नांत या रंगाचा अत्यल्प अंश, शेंकडा एक दशांशाहूनहि कमी, कांहीं महिने मिसळला कीं त्यांच्या यकृतांत गांठी धरत. दोन नत्र-अणूंच्या जोडीनें बांधलेल्या रंगांना ॲझो रंग म्हणतात; बटर यलो हा ॲझो रंग होता आणि मेटॅनिल यलो हाहि ॲझो रंगच आहे. यावरून दोघे सारखेच घातक असें मात्र समजूं नये. मेटॅनिल यलोच्या रेणूला गंधकयुक्त आम्लाचें एक शेपूट असतें, त्यामुळें तो पाण्यांत विरघळतो आणि शरीरांतून सहज निघून जाण्याची अधिक शक्यता असते. पण आंतड्यांतील जंतु ती नत्राची जोडी तोडूं शकतात आणि तिच्यांतून निघणारे तुकडे शोषले जातात, हाहि भाग विसरून चालत नाहीं.

बटर यलोच्या प्रयोगांतील आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ऐकण्यासारखी आहे. उंदरांचा आहार बदलला कीं निकाल बदले. १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं भाताच्या त्याच आहारांत दुधांतलें केसीन हें प्रथिन आणि रिबोफ्लेविन हें जीवनसत्त्व घातलें, तेव्हां तोच रंग तितकाच खाऊनहि पुष्कळशा उंदरांचीं यकृतें वांचलीं. १९४७ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्यानें दाखविलें कीं हा रंग यकृतांतील प्रथिनांना घट्ट चिकटून बसतो. पुढें त्यांच्याच कार्यांतून स्पष्ट झालें कीं मूळ रंग चिकटत नाहीं. यकृतानें त्याला दिलेलें नवें रूप चिकटतें. आपल्याच नाक्यावरच्या शिपायानें चोराच्या हातीं हत्यार द्यावें, असा हा प्रकार आहे.

येथवरची हकीकत कर्करोग सुरू करणाऱ्या द्रव्यांची झाली. परंतु आपल्याला ज्या द्रव्यांची अधिक काळजी वाटावयास हवी तीं निराळ्या जातीचीं आहेत आणि त्यांची ओळख ज्या वस्तूनें करून दिली ती आपल्या जुन्या वैद्यांच्या बटव्यांतली आहे. ती म्हणजे जमालगोटा. १९४१ पासून पुढें ऑक्सफर्ड येथें बेरेनब्लुम आणि नंतर त्यांच्याबरोबर शुबिक यांनीं उंदराच्या पाठीवर कर्ककारक द्रव्याचा अगदीं थोडा लेप दिला, इतका थोडा कीं एवढ्यानें सहसा कांहींच होऊं नये. मग त्याच जागीं कित्येक आठवडे जमालगोट्याचें तेल लाविलें. गांठी भराभर उठल्या. नुसतें तेल लावलेल्या उंदरांना जवळजवळ कांहीं झालें नाहीं. तेल आधीं आणि कर्ककारक द्रव्य मागून, असा क्रम उलटा केला तरीहि गांठी उठल्या नाहींत. मात्र पहिला लेप देऊन बराच काळ लोटल्यावर तेल सुरू केलें तरी तें आपलें काम करी. म्हणजे पहिल्या लेपाची खूण पेशींत टिकून राहिली होती.

आपल्या घरांतील चूल डोळ्यांपुढें आणावी. रात्रीं निखारा राखेखालीं झांकून ठेविला तर तो सकाळपर्यंत धुमसत राहतो, भडकत नाहीं. फुंकणीनें नुसत्या राखेंत फुंकर घातली तर डोळ्यांत धूळ जाण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. पण निखारा आधीं असेल आणि फुंकर मागून घातली तर जाळ होतो. पहिल्या जातीच्या द्रव्यांना आरंभक आणि दुसऱ्या जातीच्या द्रव्यांना प्रवर्धक म्हणूं. आरंभक पेशीच्या आनुवंशिक द्रव्यांत कायमची जखम करितो. प्रवर्धक तशी जखम करीत नाहीं. तो जखमी पेशीला वाढावयास लावितो.

यकृतांतहि असेंच घडतें हें १९७१ सालीं अमेरिकेंतील पेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें. त्यांनीं घेतलेला आरंभक मूळचा कीटकनाशक म्हणून पुढें आला होता. परंतु १९४१ सालींच त्याचा कर्ककारक गुण उघडकीस आल्यामुळें तो शेतांत न जातां प्रयोगशाळेंतच राहिला. हें द्रव्य उंदरांना थोडे दिवस देऊन थांबविलें आणि नंतर फेनोबार्बिटाल हें झोपेचें व अपस्माराचें जुनें औषध बरेच महिने अन्नांतून दिलें. यकृतांतील गांठी पुष्कळ वाढल्या. तेंच औषध आरंभकाबरोबर एकाच वेळीं दिलें तर मात्र गांठी उलट कमी झाल्या! कारण औषधानें यकृताचीं मोडतोड करणारीं विकरें जागीं केलीं आणि आरंभक द्रव्य लवकर निकालांत निघालें. एकच वस्तु वेळ बदलली कीं मित्राची शत्रु होते. जीं माणसें "हें खावें, हें खाऊं नये" असे सरसकट फतवे काढतात त्यांनीं या एका प्रयोगाचें मनन करावें असें मला वाटतें.

प्रवर्धक यकृतांत नेमकें काय करितो? निरोगी यकृतांत शेजारच्या पेशी एकमेकींशीं सूक्ष्म छिद्रांतून सतत बोलत असतात आणि एखादी पेशी भलत्या वेळीं विभागूं लागली तर शेजारणी तिला आवरतात. पुष्कळसे प्रवर्धक हीं छिद्रें बंद करितात. जी पेशी जखमी आहे तिनें खरें तर स्वतःला संपवावयाचें असतें. तीहि क्रिया ते मंदावतात. शिवाय विभाजनाचा वेग वाढवितात. यकृताची ती वाढण्याची शक्ति, जी आपण मघां गुण म्हणून पाहिली, ती येथें जखमी पेशींच्या कामीं येते. एका पेशीच्या दहा, दहाच्या हजार होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं निरोगी पेशींच्या मैदानांत वेगळ्या रंगाचीं बेटें दिसूं लागतात. समाधानाची गोष्ट एवढीच कीं फुंकर थांबली तर यांतील बरींचशीं बेटें मागें हटतात. आरंभकाची जखम पुसतां येत नाहीं, प्रवर्धकाचें काम पुष्कळ अंशीं थांबवितां येतें. त्याला मोठी मात्रा आणि दीर्घ काळ दोन्हीं लागतात.

आतां मुंबईकडे येऊं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथें रोगविज्ञानाची परंपरा घालून देणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं, धोतर कमरेला आवळून नेसल्यामुळें त्याच रेषेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन जगापुढें मांडलें होतें. रोग्याच्या शरीराइतकेंच त्याच्या राहणीकडे पाहण्याची त्यांची दृष्टि होती. १९५२ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभें राहिलें, तेंच पुढें कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालें. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीं तेथें प्राण्यांवरील आणि पेशींच्या संवर्धनावरील संशोधनाचा पाया घातला. याच संस्थेंतून २००० आणि २००३ सालीं जे निबंध प्रसिद्ध झाले ते आपल्या प्रश्नाचें थेट उत्तर देणारे आहेत. उंदरांना प्रथम डायएथिल नायट्रोसामीन हा यकृतावर काम करणारा आरंभक दिला आणि मग मेटॅनिल यलो, तसेंच भाज्या हिरव्यागार दिसाव्या म्हणून चोरून वापरलें जाणारें मॅलाकाइट ग्रीन, यांची परीक्षा घेतली. दोन्हीं रंग प्रवर्धक ठरले. पेशीला विभाजनाकडे ढकलणारीं सायक्लिन नांवाचीं प्रथिनें या उंदरांच्या यकृतांत प्रमाणाबाहेर आढळलीं. म्हणजे नुसती गांठ मोजून संशोधक थांबले नाहींत. फुंकर कोणत्या नळींतून येते तेंहि त्यांनीं दाखविलें.

या निकालाचा अर्थ काय आणि काय नव्हे? "मेटॅनिल यलोची जिलबी खाल्ली कीं यकृताचा कर्करोग होतो" असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उंदरांना आधीं निखारा देण्यांत आला होता. उंदीर म्हणजे मनुष्यहि नव्हे. फेनोबार्बिटालचेंच पाहा: उंदरांत तें नांवाजलेलें प्रवर्धक, परंतु वर्षानुवर्षें तें घेणाऱ्या अपस्माराच्या रोग्यांत यकृताचा कर्करोग त्यामुळें वाढतो असा ठाम पुरावा पुढें आलेला नाहीं. तेव्हां उंदराच्या यकृतावरून माणसाचें भविष्य वर्तविणें हें ज्योतिष होईल. मात्र याच युक्तिवादाचा आधार घेऊन कोणी म्हणेल कीं रंगाची भीति फुकट आहे, तर त्यालाहि एक प्रश्न विचारला पाहिजे. औषध रोग्याच्या हिताकरितां, डॉक्टरच्या देखरेखीखालीं, मोजून दिलें जातें. लाडवांतील रंग खाणाऱ्याच्या कोणत्या हिताकरितां घातला जातो? त्याची मात्रा कोण मोजतो? खाणाऱ्याला तो आहे हें ठाऊकहि नसतें. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तांबूसपणा खवा भाजल्यानें येतो; त्याला रंगाच्या डबीची गरज पडली नाहीं आणि त्याचें नांव कांहीं कमी झालें नाहीं.

शिवाय माणसाच्या यकृतांत निखारा नसतोच असें कोण म्हणेल? कावीळ-ब च्या विषाणूचा दीर्घ संसर्ग हा एक निखारा आहे. त्यावर लस आहे आणि ती बालकांना देतात. दुसरा निखारा सातारा-सांगलीच्या शेतकरी घरांत परिचित असलेल्या भुईमुगाशीं निगडित आहे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधतां शोधतां ब्राझिलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग गेला. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिचें विष, अफ्लाटॉक्सिन, पेंडींत उतरलें होतें. पुढल्याच वर्षीं ती पेंड खाल्लेल्या उंदरांच्या यकृतांत कर्करोग आढळला. आज हें विष मनुष्यालाहि कर्ककारक म्हणून सर्वमान्य आहे, आणि कावीळ-ब बरोबर तें असेल तर धोका अनेक पटींनीं वाढतो. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल आणि राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांत भिजून बुरसलेला मका खाल्ल्यानें काविळीची सांथ आली आणि शंभराहून अधिक माणसें दगावलीं. म्हणून काढणीच्या वेळीं पावसांत सांपडलेल्या शेंगा नीट वाळविल्याशिवाय भरूं नयेत, आणि दाणे निवडतांना काळवंडलेला, सुरकुतलेला, कडू दाणा बाजूला काढण्याची आपल्या आजीबाईंची जी रीत होती ती सोडूं नये. बुरसलेली पेंड गुरांनाहि घालूं नये. तिच्यांतील विषाचा अंश दुधांत उतरतो.

आणि स्वतः हळद? तिची बाजू सांगितल्यावांचून सांगलीचा माणूस मला घरीं जाऊं देणार नाहीं. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरला जमिनींत पेवें खणून हळद सांठविण्याची जुनी पद्धति होती. आंत हवा खेळत नाहीं म्हणून किडा जगत नाहीं. २००५ च्या महापुरांत पाणी पेवांत शिरून मोठी हानि झाली. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. या हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या द्रव्याचा. १९८८ सालीं अमेरिकेंतील प्रयोगांत असें दिसलें कीं जमालगोट्याच्या तेलांतील प्रवर्धक द्रव्य उंदराच्या कातडीला लावतांना त्याबरोबर कर्क्युमिन लाविलें तर गांठी पुष्कळ कमी होतात. पुढें यकृताच्या कर्करोगावरील उंदरांच्या प्रयोगांतहि तसाच अनुभव आला. एक पिवळा रंग फुंकर घालतो आणि दुसरा पिवळा रंग ती अडवतो, हें पाहून कोणालाहि आनंद होईल. परंतु माझा आनंद आवरता आहे. कर्क्युमिन माणसाच्या आंतड्यांतून फार थोडें शोषलें जातें, आणि माणसाचा कर्करोग त्यानें टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तें अधिक शोषलें जावें म्हणून मिऱ्याचें सत्त्व घालून ज्या दाट गोळ्या विकल्या जातात त्यांच्यामुळें कांहीं लोकांच्या यकृताला सूज आल्याचे वृत्तांत इटली व अमेरिकेंतून गेल्या कांहीं वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत. फोडणींतली चिमूटभर हळद निराळी आणि गोळीतली निराळी.

आतां घरची हळद कशी पारखावी तें सांगतों. कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन त्यावर चमचाभर पूड टाकावी आणि ढवळूं नये. शुद्ध पूड हळूहळू तळाशीं बसते आणि पाण्याला फिकट पिवळी छटा येते. रंग घातलेला असेल तर खालीं उतरतांना पूड पाण्यांत गडद पिवळेपणा सोडते. ही परीक्षा संशय घेण्यापुरती. निर्णयाची परीक्षा प्रयोगशाळेंत होते. तेथें पुडींत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. शुद्ध हळदीलाहि त्यानें गुलाबी छटा येते, पण पाणी ओततांच ती नाहींशी होते. मेटॅनिल यलो असल्यास पाणी ओतल्यावरहि किरमिजी रंग टिकून राहतो. हें आम्ल अंगावर उडाल्यास भाजतें, म्हणून तें घरीं हाताळण्याच्या भरीस पडूं नये. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें साध्या गिऱ्हाइकालाहि विकत घेतलेला पदार्थ सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून फी भरून तपासून घेण्याचा अधिकार दिला आहे. अट एवढीच कीं आपण तो तपासणीस देणार आहों हें खरेदीच्या वेळींच दुकानदाराला सांगावें लागतें. आणि भेसळ ठरली तर भरलेली फी परत मिळते.